सोबत नकाशा जोडला आहे

पहिली फाइल परत आली. जड होती.
दुसरी पोचली, पण उघडेना.
बार्न्सलीहून क्लिफर्ड होलरॉइड यांनी लिहिलं:
मी जुना, माझं मशीन माझ्याहून जुनं,
जुन्या आवृत्तीत सेव्ह करून पाठवाल का?

पाठवली.
हडर्सफील्डच्या एका लोकरीच्या गिरणीचं
आता वाचनालय होतंय.
त्यातला लोखंडी जिना माझ्या वाट्याला आलाय.
बावीस पायऱ्या, मधे एक वळण,
कठडा नऊशे मिलिमीटरवर.
चार वाजताच अंधार पडला होता.
निळी पट्टी हळूहळू भरत गेली
आणि जिना गेला,
तीस किलोमीटर, एकही पायरी न वाजवता.

असा नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा.
एक भिंतींची, एक लोखंडाची, एक मापांची,
एक विजेच्या तारांची.
प्रत्येक काचेला नाव द्यावं लागतं.
ऑफिसचा नियम आहे: इंग्रजी, सगळी कॅपिटल अक्षरं,
मधे आडवी रेघ.
मी पाळते.
फक्त एका काचेचं नाव मराठीत ठेवलं होतं.
ती छापायची नव्हती, गोठवलेली होती.
कुणाच्या डोळ्यांवर येणार, असं वाटलं.

बार्न्सलीत तिच्या नावाची
चार प्रश्नचिन्हं झाली.
दोनच तर अक्षरं होती,
पण मशीन काने वेगळे मोजतं.

दुसऱ्या दिवशी मेल:
मॅडम, पंधराव्या पायरीवर एक माणूस उभा आहे.
बुटका. टोपी घातलेला. डावा पाय जरा बाहेर टाकून.
हात कठड्यावर आहे, पण त्याचा भार पडत नाहीये,
कोपर वर उचललं गेलंय, बघा.
हा कोण?
कठडा खाली घ्यायचा आहे का?

इचलकरंजीत बाबा मागांचे जॉबर होते.
नकाशा कधी कुणाला पाठवला नाही त्यांनी.
शेडच्या फरशीवर खडूनं काढायचे,
वितीनं मोजायचे,
आणि संध्याकाळी झाडूवाली तो पुसून टाकायची.
एकदा धोटा सुटला आणि गुडघ्यात बसला.
तेव्हापासून कुठल्याही जिन्यावर
आधी कठडा हलवून बघायचे,
मग पाय टाकायचे.
मार्चचं तिकीट काढलं होतं त्यांचं, मँचेस्टरपर्यंत.
रद्द केलं तेव्हा अर्धे पैसे परत मिळाले.

त्यांना आठवणीतनं काढलं होतं, एका रविवारी,
एकशे बारा रेघांत.
टोपीला सर्वात जास्त लागल्या.

होलरॉइडना मी तीन उत्तरं लिहिली.
पहिलं फार लांबलं.
दुसरं ऑफिसच्या सहीवर शोभेना,
फोन नंबर, फॅक्स नंबर (अजून आहे),
'छापण्यापूर्वी झाडांचा विचार करा',
आणि त्याच्या वर ते सगळं.
तिसरं गेलं:
स्केलसाठी आहे. कृपया दुर्लक्ष करावे.

दोन दिवस काही नाही.
मग एक स्कॅन आला, वाकडा,
कोपऱ्यात चहाच्या कपाचं वर्तुळ.
माझाच जिना, कागदावर छापलेला,
आणि त्यावर पेन्सिलनं दुसरा कठडा, सातशेवर.
शेजारी लिहिलेलं:
पाइप शिल्लक आहे, पैसे नकोत.
स्केलचा माणूस असा भार टाकत नाही.
माझी आई टाकायची.

मी रिव्हिजन डी काढली.
बदल: खालचा कठडा, सातशे मि.मी.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: लहान मुले.
ते मंजूर होईल, वाचनालय आहे.

ती काच पुन्हा गोठवली. नाव तेच ठेवलं.
फक्त त्याआधी
हात खालच्या पाइपवर आणला,
कोपर सरळ केलं.
फाइल साडेआठ एमबी झाली.
परत येईल म्हणून थांबले होते, नाही आली.